झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं आणि पार्किन्सन: संबंध किती खरा?

प्रश्न: माझे वडील ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दोन-अडीच वर्षांपासून पहाटे झोपेत ओरडतात, हात झाडतात, लाथा मारतात. मागच्या आठवड्यात आईच्या गालावर बुक्की बसली. उठवलं की लगेच भानावर येतात आणि कोणीतरी अंगावर धावून आलं होतं असं स्वप्न सांगतात. घोरतातही खूप. बीपीची गोळी चालू आहे, आणि आजोबा गेल्यापासून वर्षभर एस्सिटालोप्रॅम घेतात. भाऊ म्हणतो ही पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, सुरुवात असते. खरं आहे का? कोणती तपासणी करायची? वडिलांना हे सांगायचं का? आणि मला स्वतःला नोकरीमुळे सहा तासांपेक्षा कमी झोप मिळते, तर मलाही पुढे असं काही होईल का?

उत्तर: तुमच्या भावाने वाचलं ते निराधार नाही. पण ते तुमच्या वडिलांना लागू पडतं की नाही हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवायच्या आधी त्यांचं घोरणं आणि ती नैराश्याची गोळी, या दोन्हींचा निकाल लावावा लागेल. मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि झोपेचे विकार हे माझं रोजचं काम आहे. असे रुग्ण माझ्याकडे दोन टोकांनी येतात. काही जण वर्षानुवर्षं 'वयानुसार होतं' म्हणून गप्प बसलेले, तर काही नेटवर वाचून आधीच खचलेले. दोघांचंही नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही जे वर्णन केलंय त्यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. हे पहाटे होतं, उठवल्यावर ते लगेच भानावर येतात, आणि त्यांना स्वप्न आठवतं. झोपेत चालणं किंवा किंचाळत उठणं हे प्रकार बहुधा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, गाढ झोपेतून होतात. तेव्हा माणसाचे डोळे उघडे असतात, तो गोंधळलेला असतो आणि सकाळी त्याला फारसं काही आठवत नाही. स्वप्नांची झोप, म्हणजे रेम झोप, साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. वडिलांचा त्रास या झोपेतला दिसतो. अशा वेळी डोळे मिटलेले असतात, माणूस सहसा खोलीबाहेर जात नाही, पण स्वप्नात जे करतोय तेच अंथरुणात करतो. याला रेम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात आरबीडी. पन्नाशीनंतर शंभरात साधारण एकाला तो असतो, म्हणजे लोकांना वाटतो तितका दुर्मीळ नाही.

एरवी स्वप्नात आपण कितीही धावलो तरी पाय हलत नाहीत. मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात, पेशींचा एक छोटा समूह आहे. रेम झोपेत तो मज्जारज्जूकडे जाणारे संदेश अडवतो आणि डोळ्यांचे व श्वासाचे स्नायू सोडून बाकी शरीर सैल पडतं. शिकागोमध्ये युजीन अॅसेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये रेम झोपेचं वर्णन केलं. पुढे फ्रान्समधल्या लिऑनमध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा भाग निकामी करून पाहिला. ती मांजरं रेम झोपेत असतानाच उठून उभी राहायची आणि समोर नसलेल्या भक्ष्यावर झेप घ्यायची. ही गोष्ट १९६५ ची. माणसातला हाच विकार ओळखायला मात्र आणखी वीस वर्षं लागली. १९८६ मध्ये मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी पाच वयस्क रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली.

पार्किन्सनशी धागा जुळला तोही याच डॉक्टरांमुळे, कारण त्यांनी आपले रुग्ण सोडले नाहीत. पन्नाशी उलटलेले २९ पुरुष, ज्यांना सुरुवातीला आरबीडीशिवाय मेंदूचा कोणताही आजार नव्हता. १९९६ मध्ये त्यांनी लिहिलं की यातल्या ३८ टक्क्यांना पार्किन्सनसारखी लक्षणं सुरू झाली. २०१३ मध्ये याच गटाचा पुढचा हिशेब आला तेव्हा आकडा ८१ टक्क्यांवर गेला होता. बार्सिलोनातल्या अॅलेक्स इरांझो यांच्या गटालाही जवळपास तेच दिसलं. सगळ्यात मोठा अभ्यास २०१९ चा, रोनाल्ड पोस्टुमा आणि सहकाऱ्यांचा. जगभरातल्या २४ केंद्रांमधले १,२८० रुग्ण त्यात होते. दर वर्षी त्यांच्यातल्या ६.३ टक्क्यांना पार्किन्सन किंवा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) यांसारखा आजार होत गेला, आणि बारा वर्षांनी हे प्रमाण ७३.५ टक्के निघालं.

हे आकडे मोठे आहेत आणि मी ते रुग्णांपासून लपवत नाही. पण ते नीट वाचायला हवेत. हे सगळे स्लीप सेंटरपर्यंत पोचलेले रुग्ण होते. बहुतेकांचा त्रास जोराचा होता आणि प्रत्येकाचं निदान रात्रभराच्या तपासणीने पक्कं झालेलं होतं. नुसतं झोपेत बडबडणारा किंवा क्वचित दचकून हात झाडणारा माणूस त्या गटात बसत नाही. शिवाय दर वर्षी सहा टक्के याचा दुसरा अर्थ असा, की निदान झालेल्या शंभरातले सुमारे ९४ जण पुढचं वर्ष नवा आजार न होता पार करतात. अनेकांच्या हाताशी दहा वर्षं असतात, काहींच्या त्याहून जास्त.

मुळात असं का होतं? पार्किन्सन, लेवी बॉडी डिमेन्शिया आणि मल्टिपल सिस्टिम अॅट्रॉफी या तिन्ही आजारांत अल्फा-सायन्यूक्लिन नावाचं प्रथिन चुकीची घडी पडून पेशींमध्ये साठतं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडलं, की ही साठवण बऱ्याच जणांत मेंदूच्या खालच्या टोकाला आणि वासाच्या केंद्रात सुरू होते आणि हळूहळू वर सरकते. हाताला कंप सुटतो तो सब्स्टान्शिया नायग्रा, म्हणजे हालचालींसाठी लागणारं डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींचा भाग, बाधित झाल्यावर. स्वप्नात शरीर सैल ठेवणाऱ्या पेशी त्याच्या खाली, वाटेवरच आहेत. म्हणून कंपाच्या कितीतरी वर्षं आधी रात्रीचा हा त्रास दिसतो. त्याच काळात वास कमी येणं, चिवट बद्धकोष्ठ, उभं राहताना अंधारी येणं आणि उदासी हीही लक्षणं दिसू शकतात. पण पार्किन्सन झालेल्या प्रत्येकाला आधी आरबीडी असतोच असं नाही. बऱ्याच जणांत आजार दुसऱ्या क्रमाने पसरतो.

एक निरीक्षण इथे सांगायलाच हवं, कारण ते मला अजूनही थक्क करतं. पार्किन्सनने दिवसा ज्यांचे हात जड पडलेत आणि आवाज पुटपुटण्यावर आलाय, अशांच्या बायका सांगतात, 'रात्री झोपेत मात्र अगदी खणखणीत बोलतात, हातही झपझप चालतात.' पॅरिसमधल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये याचा रीतसर अभ्यास केला आणि ते खरं निघालं. रेम झोपेतल्या त्या हालचाली दिवसापेक्षा जलद आणि जोरकस होत्या. म्हणजे हालचाल करण्याची क्षमता गेलेली नसते, दिवसा ती वापरण्याचा नेहमीचा मार्ग बिघडलेला असतो.

आता तुमच्या वडिलांबद्दल. आधी घोरणं. घशात श्वास अडकला की माणूस धडपडून अर्धवट जागा होतो, हात झाडतो, ओरडतो, आणि कोणी गळा दाबतंय किंवा पाठलाग करतंय असं स्वप्नही सांगतो. घरच्यांच्या वर्णनावरून हे आणि आरबीडी वेगळं काढणं जवळपास अशक्य आहे. इरांझो यांनीच २००५ मध्ये असे रुग्ण दाखवले होते, ज्यांना आरबीडी वाटत होता पण खरा आजार तीव्र स्लीप अॅप्नियाचा, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकण्याचा, होता. मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन लावल्यावर त्यांचं ओरडणं, झाडणं सगळं थांबलं. वडिलांच्या बाबतीत हे निघालं तर ती चांगली बातमी ठरेल. बीपी आणि जोराचं घोरणं एकत्र असल्यामुळे मी ही शक्यता गंभीरपणे घेते.

मग गोळी. एस्सिटालोप्रॅमसारखी आणि व्हेन्लाफॅक्सिनसारखी नैराश्यावरची औषधं रेम झोपेतला स्नायूंचा सैलपणा कमी करतात आणि आरबीडी ओढवू शकतात. पण तुमच्या पत्रातला काळ पाहा: त्रास अडीच वर्षांचा, गोळी एका वर्षाची. त्यामुळे सगळा दोष गोळीला देता येत नाही. गोळी सुरू झाल्यावर त्रास वाढला का, हे आईंना नीट विचारा. कधी कधी ही औषधं आधीच मंदपणे चाललेली गोष्ट उघडी पाडतात, असंही अभ्यासांतून दिसलंय. एक कळकळीची विनंती: ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम सोडल्याने त्रास होतो, आणि नैराश्य उलटलं तर ते या झाडण्यापेक्षा घातक ठरू शकतं. बदल करायचा तर तो ज्यांनी गोळी दिली त्यांच्याशी बोलूनच.

तपासणी एकच महत्त्वाची आहे: रात्रभराची व्हिडिओसह स्लीप स्टडी, लॅबमध्ये राहून. घरी न्यायचं छोटं मशीन अॅप्नियासाठी ठीक आहे, पण त्याने आरबीडी कळत नाही, कारण त्यात झोपेचा टप्पाही नोंदला जात नाही आणि स्नायूंचा ताणही. वेळ घेतानाच सांगा की आरबीडीची शंका आहे, हाताच्या स्नायूंनाही तारा लावा. हे आधी सांगितलं नाही तर बऱ्याच ठिकाणी फक्त घोरण्याची तपासणी होऊन रिपोर्ट हातात पडतो आणि पैसे खर्च होऊनही प्रश्न तसाच राहतो.

लॅबमध्ये काय दिसतं ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्तरीच्या आसपासचे शेतकरी, स्वभावाने अतिशय शांत. त्यांच्या पत्नीच्या मनगटावर काळंनिळं झालं होतं आणि तिने ते बांगड्यांखाली झाकलं होतं. रात्री हनुवटीवर, डोळ्यांच्या कडेला, डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवल्या. पहाटे चारच्या सुमारास पडद्यावर डोळ्यांच्या रेषा वेगाने वरखाली होऊ लागल्या, म्हणजे रेम झोप सुरू झाली. अशा वेळी हनुवटीची रेष सपाट व्हायला हवी. त्यांची झाली नाही, ती दाट आणि जाड होत गेली. मग उजवा हात उचलला गेला, मूठ वळली आणि 'हाड, हाड' असा स्पष्ट आवाज आला. आम्ही नाव घेऊन हाक मारल्यावर ते लगेच जागे झाले आणि म्हणाले, भुईमुगात रानडुकरं शिरली होती. डोळ्यांच्या हालचाली चालू असताना हनुवटीचा स्नायू सैल न होणं हाच निदानाचा पुरावा. ती रेष पाहून पत्नीला रडू आलं. नवरा मुद्दाम मारत नाही हे तिला माहीत होतं, पण घरात कुणाला ते पटवून देता येत नव्हतं. 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणून त्यांचे दोन-तीन ठिकाणी उपायही करून झाले होते.

एमआरआयबद्दल हमखास विचारतात. आरबीडीत तो बहुधा नॉर्मल येतो. त्रास अचानक सुरू झाला असेल, वय कमी असेल किंवा हातापायांत काही कमतरता असेल तर मी तो सांगते. डोपामिन पेशींचा ट्रोडॅट स्कॅन आपल्याकडे मोठ्या शहरांत होतो. त्वचेचा तुकडा किंवा पाठीतलं पाणी तपासून अल्फा-सायन्यूक्लिन ओळखण्याच्या चाचण्याही गेल्या काही वर्षांत पुष्कळ पुढे गेल्यात. संशोधनात त्यांचं मोल फार मोठं आहे. पण दिवसा काहीही लक्षण नसलेल्या माणसाला त्या लगेच करायला मी सांगत नाही. निकाल काहीही आला तरी आजचा उपचार बदलत नाही, घरात फक्त धास्ती वाढते.

त्यापेक्षा साध्या गोष्टी बघा. हिंगाच्या फोडणीचा वास त्यांना पूर्वीसारखा येतो का? चालताना एक हात कमी हलतो का? सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो का? ते शिक्षक होते, तेव्हा जुन्या वह्या घरात असतील. तेव्हाचं अक्षर आणि आजचं अक्षर शेजारी ठेवून पाहा. ओळीच्या शेवटाकडे अक्षर बारीक होत जात असेल तर ते डॉक्टरांना दाखवा. मोबाइलवर किंवा घरच्या कॅमेऱ्यावर दोन-तीन पहाटेचं चित्रण करा, वेळ दिसेल असं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपासणीला आईंना बरोबर न्या. रुग्णाला स्वतःला रात्रीचं निम्मंही माहीत नसतं.

आई हा शब्द आलाच आहे तर एक गोष्ट बोलते. आरबीडीच्या नोंदी पुरुषांच्या जास्त आहेत. पण बायकांचा त्रास तुलनेने सौम्य असतो, आणि उतारवयात त्या बहुधा एकट्या किंवा नातवंडांजवळ झोपतात, त्यामुळे तो कुणाच्या लक्षातच येत नाही. २०१९ च्या अभ्यासात पुढचा धोका ठरवताना स्त्री-पुरुष असा फरक दिसला नव्हता. तुमच्या घरातली एखादी मावशी किंवा आत्या रात्री ओरडत असेल तर तिचंही म्हणणं ऐका.

आई वेगळ्या झोपल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलं नाही, पण मीच सांगते: आज रात्रीपासून झोपू द्या. त्याच खोलीत, पण वेगळ्या पलंगावर. वडिलांचे गुडघे साथ देत असतील तर गादी जमिनीवर घाला, नसेल तर पलंगाला कठडा लावा. उशाजवळचा तांब्या, काचेचा ग्लास, टोकदार टीपॉय हलवा. गावाकडे उशाशी काठी किंवा कोयता ठेवायची सवय असते, ती वस्तू त्या खोलीतच नको. झाडायला लागले की जवळ जाऊन हलवू नका, दुरून नावाने हाक मारा. दारू घेत असतील तर थांबवायला हवी, पण रोजची सवय असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, कारण एकदम सोडल्यानेही हा त्रास उफाळतो.

औषधांत मी सहसा मेलॅटोनिनने सुरुवात करते, झोपताना ३ मिलिग्रॅम, आणि गरजेप्रमाणे वाढवते. वयस्क माणसांना ते बऱ्यापैकी मानवतं. क्लोनाझेपाम जुनं आणि परिणामकारक औषध आहे, पण त्याने तोल जातो, सकाळी गुंगी राहते, विसरभोळेपणा वाढू शकतो आणि अॅप्निया असेल तर तो बिघडतो. म्हणून स्लीप स्टडी व्हायच्या आधी, ओळखीच्या मेडिकलमधून आणून कुणाच्या सांगण्यावरून ते सुरू करू नका. दोन्ही औषधांनी झाडणं कमी होतं. पुढचा आजार थांबवतं असं सिद्ध झालेलं औषध मात्र आज नाही. ते शोधण्यासाठी जगभरात ज्या चाचण्या आखल्या जातायत त्यांत आरबीडीचेच रुग्ण हवे आहेत, कारण मेंदूतल्या पेशी बऱ्याच शाबूत असताना उपचार करायची संधी त्यांच्यातच मिळते. तोवर रोजचा दमवणारा व्यायाम मी आग्रहाने सांगते. पार्किन्सनमध्ये हालचाल टिकवायला त्याचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे, आणि बीपी, झोप, मन यांना फायदा होतोच.

वडिलांना सांगायचं का? निदान पक्कं होण्याआधी पार्किन्सन हा शब्द त्यांच्यासमोर काढू नका. झाल्यावर मात्र त्यांच्यापासून लपवायच्या बेतात मी सामील होत नाही. मुलं मला खोलीबाहेर गाठून 'बाबांना काही बोलू नका' म्हणतात. त्यामागचं प्रेम मला कळतं. पण आजार त्यांचा आहे, आणि पुढच्या दहा वर्षांचे निर्णयही त्यांचे: जमिनीची कामं, घर कुठे करायचं, कोणाला भेटायचं राहिलंय. मी त्यांनाच विचारते, 'याचा पुढे काय संबंध असू शकतो हे जाणून घ्यायचंय का? आज की नंतर?' बहुतेक जण हो म्हणतात. जे नको म्हणतात त्यांचं मी ऐकते, आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारते. शिक्षक माणूस आहे, त्यांना अर्धवट ऐकण्यापेक्षा नीट समजावलेलं आवडेल असं मला वाटतं.

तुमच्या झोपेचा प्रश्न वेगळा आहे. कमी झोपेने आरबीडी होतो असं नाही. कमी झोप आणि डिमेन्शिया यांचा संबंध मात्र अभ्यासला गेलाय. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात, २०२१ च्या अहवालानुसार, पन्नाशी ते सत्तरीत सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी जास्त होतं. यावरून एकामुळेच दुसरं होतं हे सिद्ध होत नाही. झोपेत मेंदूतला कचरा धुऊन निघतो, हे तुम्ही वाचलं असेल. ती कल्पना २०१३ मध्ये रॉचेस्टरच्या मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून आली, आणि २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाला उंदरांतच उलट निष्कर्ष मिळाला. वाद चालू आहे. सात तास झोपायला मात्र तो वाद मिटायची वाट पाहायची गरज नाही. तुमची झोप ज्या कारणाने तुटते ते कारण आधी दूर करा.

शेवटी एक तातडीची गोष्ट. वडील रात्री पलंगावरून पडले, डोक्याला लागलं, आणि त्यांना अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कोणतीही गोळी चालू असेल, तर बाहेरून जखम दिसत नसली तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि सीटी स्कॅनबद्दल विचारा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात चूक किंवा एका बाजूला कमजोरी जाणवली तर थांबू नका, लगेच निघा.